औषध निष्प्रभ का ठरते? स्वादुपिंडाच्या कर्करोगातील पेशींचे संदेश



शाळेच्या हीरक महोत्सवात कर्करोगासारखा विषय का निवडला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु साठ वर्षे पूर्ण केलेल्या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज आजी-आजोबा झाले आहेत. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांतील विद्यार्थी आपल्या आईवडिलांच्या आजारपणात धावपळ करीत आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या कोणत्याही मेळाव्यात आनंदाच्या वार्ता जशा कानी पडतात, तशा आजाराच्याही पडतात. अशा वार्तांमधले एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘सुरुवातीला औषध लागू पडले होते, मग का कोण जाणे, लागू पडेनासे झाले.’ या ‘का कोण जाणे’च्या मागे विज्ञानाला बरेच काही ठाऊक झाले आहे. ते सोप्या मराठीत मांडावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रारंभ एका सर्वपरिचित व्यक्तीपासून करू. गोव्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचा जन्म १३ डिसेंबर १९५५ रोजी म्हापशाला झाला. त्यांचे माध्यमिक शिक्षण मराठीतून झाले आणि पुढे मुंबईच्या आयआयटीतून ते धातुशास्त्राचे अभियंते होऊन बाहेर पडले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईत रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर अमेरिकेत आणि दिल्लीच्या एम्समध्ये त्यांच्यावर उपचार झाले. हा स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे ऑक्टोबर २०१८ मध्ये गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीर केले. ३० जानेवारी २०१९ रोजी नाकात नळी असतानाही त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. ते दृश्य देशाने पाहिले. १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या तेरा महिन्यांकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. मनोबलात ते कमी पडले असे कोणी म्हणणार नाही आणि उपचारांचीही त्यांना वाण नव्हती. तरीही आजार पुढे सरकत राहिला. आपल्याकडे मात्र एखादा रुग्ण दगावला की ‘त्याने धीर सोडला’, ‘पथ्य पाळले नाही’, ‘घरच्यांनी उशीर केला’ असे बोल सहज उच्चारले जातात. ते बोल किती अन्यायकारक आहेत, हे समजून घ्यायचे तर शरीरातील पेशी एकमेकींशी कसा संवाद साधतात, तेथवर जावे लागेल.

स्वादुपिंड, ज्याला आपल्या जबलपूरच्या हिंदी तपासणी-अहवालांत अग्न्याशय म्हणतात, हा सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत असतो. तो अन्न पचविणारे रस तयार करतो आणि इन्सुलिनही निर्माण करतो. पाचकरस ज्या सूक्ष्म नलिकांतून वाहतात, त्यांच्या अस्तरासारख्या पेशींतून उद्भवणारा कर्करोग हा या अवयवाच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळतो. अवयव इतका आत दडलेला की गाठ हाताला लागत नाही. प्रारंभी वेदनाही नसते. त्यामुळे निदान होते तेव्हा शंभरांपैकी पंधरा ते वीस रुग्णांवरच शस्त्रक्रिया शक्य असते. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा तेराच्या आसपास आहे.

आता पेशीच्या आत डोकावू. निरोगी पेशी स्वतःच्या मर्जीने वाढत नाही. बाहेरून ‘वाढ’ असा संदेश यावा लागतो. तो संदेश पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक-प्रथिने स्वीकारतात, आतल्या प्रथिनांकडे सोपवितात, ती पुढच्यांकडे सोपवितात आणि अखेरीस निरोप पेशीकेंद्रातील जनुकांपर्यंत पोहोचतो. याला संदेशवहन म्हणतात. या मार्गावर के-रास नावाचे एक प्रथिन कळीच्या जागी बसलेले असते. संदेश आला की ते ‘चालू’ होते, काम झाले की स्वतःच ‘बंद’ होते.

पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय असलेल्या या शहरात सिग्नलचा दृष्टान्त द्यायला संकोच वाटू नये. रेल्वेच्या सिग्नलचे मूलतत्त्व असे की, यंत्रणेत बिघाड झाला तर दिवा तांबडा व्हावा, म्हणजे गाडी थांबेल आणि अपघात टळेल. के-रासमधल्या बिघाडाचे स्वरूप नेमके उलटे आहे. त्याच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतो, प्रथिनातील बाराव्या जागेवरचे ग्लायसिन जाऊन तेथे बहुधा ॲस्पार्टिक आम्ल किंवा व्हॅलिन येते आणि सिग्नल कायमचा हिरवा राहतो. बाहेरून संदेश येवो न येवो, पेशीला ‘वाढ, वाढ’ हाच निरोप मिळत राहतो. स्वादुपिंडाच्या या कर्करोगात हा बिघाड असतो, हे १९८८ मध्ये दाखविले गेले. दहांपैकी नऊ रुग्णांत तो सापडतो.

या एका गोष्टीवरून एका औषधाच्या अपयशाचा उलगडा होतो. एर्लोटिनिब हे औषध पेशीच्या पृष्ठभागावरील एक ग्राहक-प्रथिन बंद करते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत त्याचा चांगला उपयोग झाला. स्वादुपिंडाच्या रुग्णांना ते जेमसिटाबिन या प्रचलित औषधाच्या जोडीने देऊन पाहिले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मध्यमान आयुष्य ५.९१ महिन्यांवरून ६.२४ महिन्यांवर गेले, म्हणजे साधारण दहा दिवसांची वाढ झाली. कारण उघड आहे. आपण अलीकडच्या स्थानकावरचा सिग्नल तांबडा केला, पण पलीकडच्या स्थानकावरचा सिग्नल हिरव्यावर अडकलेला असताना गाडी निघतच राहणार.

मग थेट के-रासलाच का आवरत नाहीत? कित्येक दशके हे प्रथिन औषधाच्या आवाक्याबाहेरचे मानले जात होते. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत, औषधाचा रेणू जेथे घट्ट बसेल अशी खोबण सापडत नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकेतील केव्हन शोकॅट यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या एका विशिष्ट प्रकारात अशी खोबण दाखविली आणि २०२१ मध्ये सोटोरासिब या औषधाला फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. दुर्दैवाने हा विशिष्ट प्रकार स्वादुपिंडाच्या रुग्णांत शंभरांत एकदोघांतच असतो. अन्य प्रकारांवर काम करणारी औषधे आता मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचली आहेत. ही या क्षेत्रातील खरी आशा होय.

परंतु येथेही प्रतिरोधाचा प्रश्न सुटत नाही. जून २०१५ मध्ये इटारसीच्या सिग्नल-केबिनला आग लागली, ती घटना येथील अनेकांना स्मरत असेल. महिनाभराहून अधिक काळ शेकडो गाड्या रद्द झाल्या आणि अनेक गाड्या दूरच्या मार्गांनी वळविल्या गेल्या. जंक्शन बंद पडले, तरी वाहतूक पूर्णपणे थांबली नाही. तिने आडवाट शोधली. कर्करोगाच्या पेशीतही असेच घडते. एक संदेशमार्ग औषधाने रोखला की पेशी दुसरा मार्ग अधिक वापरू लागते, रोखलेल्या प्रथिनाचे उत्पादन वाढविते किंवा त्याच्या पुढचे प्रथिन परस्पर चालू करते. म्हणून पहिले काही महिने गाठ आक्रसते आणि नंतर पुन्हा वाढू लागते. ‘औषध लागू पडेनासे झाले’ याचा एक अर्थ हा आहे.

दुसरा अर्थ समजण्यासाठी एका मराठी विदुषीचे स्मरण करणे उचित ठरेल. कमल समर्थ, म्हणजे पुढे डॉ. कमल रणदिवे, यांचा जन्म १९१७ मध्ये पुण्यात झाला. त्यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबईत कर्करोगावर संशोधन केले, १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविली आणि त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात मानवी पेशी वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्याचे हेच ते तंत्र. भारतात परतून त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

ऊतिसंवर्धनामुळे औषधाचा परिणाम प्रथम भांड्यातल्या पेशींवर पाहता येऊ लागला. मात्र भांड्यात पेशी एकाकी असते आणि शरीरात तिला शेजार असतो. स्वादुपिंडाच्या गाठीत प्रत्यक्ष कर्कपेशी पुष्कळदा अल्पसंख्य असतात. उरलेला मोठा भाग तंतुमय ऊती, रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशी यांनी व्यापलेला असतो. कर्कपेशी शेजारच्या तारकाकृती पेशींना संदेश धाडतात आणि त्या तंतूंचे दाट जाळे विणू लागतात. या जाळ्याच्या दाबाने रक्तवाहिन्या चेपल्या जातात, त्यामुळे शिरेतून दिलेले औषध गाठीच्या गाभ्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. भांड्यात जे औषध पेशींचा फडशा पाडते, तेच शरीरात दुबळे ठरते.

यावर संशोधकांना एक सरळ उपाय सुचला. जाळेच मोडून काढावे! ज्या संदेशामुळे तंतू विणले जातात, त्याला हेजहॉग असे नाव आहे. तो संदेश रोखल्यावर उंदरांच्या गाठींत औषध अधिक पोहोचले आणि ते अधिक जगले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु त्याच धर्तीच्या औषधाची माणसांवरील चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण ते घेणाऱ्या रुग्णांची स्थिती इतरांहून वाईट दिसली. पुढे २०१४ मध्ये उंदरांवरील नव्या प्रयोगांतून कारण उमगले : ते तंतुमय कुंपण औषधाला अडविते हे खरे, पण कर्करोगालाही काही अंशी आवरून धरते. कुंपण पाडले की आतले जनावर मोकळे सुटते. आज संशोधकांचा प्रयत्न हे कुंपण समूळ काढण्याचा नसून त्याच्याशी चाललेला संवाद बदलण्याचा आहे.

तिसरा अर्थ औषधाच्याच प्रवासात दडलेला आहे. १९९६ पासून वापरात असलेले जेमसिटाबिन पेशीत आपोआप शिरत नाही. त्याला पेशीच्या आवरणातील एका वाहक-प्रथिनाचे दार लागते. आत गेल्यावर एका विकराने त्याला कार्यक्षम करावे लागते, आणि दुसरा एक विकर त्याचा नाश करावयास टपलेला असतो. दार कमी असले, पहिला विकर दुबळा असला किंवा दुसरा प्रबळ असला, तर औषध वाया जाते. इतकेच नव्हे, गाठीत वस्तीला असलेले काही जिवाणूही या औषधाचे विघटन करतात, असे २०१७ मध्ये दिसून आले.

यात ध्यानी घ्यावयाची गोष्ट अशी की, एका गाठीतील कोट्यवधी पेशी एकसारख्या नसतात. त्यांतल्या काही पेशी पहिल्या सलाइनच्या आधीपासूनच औषधाला दाद न देणाऱ्या असतात. औषधाने बाकीच्या मेल्या की या उरलेल्यांना मोकळे रान मिळते. शेतात एकच कीटकनाशक वारंवार फवारले तर पुढे तेच कीटक उरतात ज्यांच्यावर ते चालत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. येथेही निवडीचा तोच नियम आहे. त्यात रुग्णाच्या इच्छाशक्तीचा उणेपणा नाही, घरच्यांच्या सेवेतील त्रुटी नाही.

म्हणूनच एकाऐवजी अनेक औषधे एकत्र देण्याची रीत पुढे आली. चार औषधांच्या फोल्फिरिनॉक्स या मिश्रणाने पसरलेल्या आजारात मध्यमान आयुष्य ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेले, हे २०११ मध्ये दिसले. शस्त्रक्रियेनंतर त्याच मिश्रणाचा सुधारित प्रकार दिल्यास हा काळ ३५ महिन्यांवरून ५४.४ महिन्यांपर्यंत गेला, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. मात्र हे उपचार कठोर आहेत. अशक्त किंवा वयोवृद्ध रुग्णाला ते झेपतीलच असे नाही, आणि डॉक्टर सौम्य उपचार सुचवीत असतील तर ती हयगय समजू नये. काही रुग्णांत जन्मजात बीआरसीए जनुकाचा दोष असतो. अशांना प्लॅटिनमयुक्त औषधे आणि नंतर ओलापॅरिब दिल्यास आजार पुन्हा वाढण्यापूर्वीचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर जातो, असे २०१९ मध्ये आढळले. एकूण आयुष्य मात्र त्याने लक्षणीय वाढले नाही. विज्ञान आपले यश आणि मर्यादा दोन्ही एकाच पानावर लिहिते. ‘हमखास बरे करतो’ असे सांगणारा आणि विज्ञान यांतला फरक ओळखायची हीच खूण आहे.

आता प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे असे थोडे.

या कर्करोगाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत तंबाखू अग्रभागी आहे. धूम्रपानाने धोका सुमारे दुप्पट होतो. पन्नाशीनंतर घरात कोणाला मधुमेह नसताना तो अचानक उद्भवला आणि त्याबरोबर वजन विनाकारण घटू लागले, तर केवळ साखरेच्या गोळीवर समाधान न मानता डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. अशा नव्या मधुमेहींमध्ये शंभरांत एखाद्यालाच हा आजार निघतो. तेव्हा भयभीत होण्याचे कारण नाही, विचारण्याचे मात्र आहे. वेदनेशिवाय झालेली कावीळ हे तर अत्यंत महत्त्वाचे लक्षण. आपल्याकडे कावीळ म्हटली की झाडपाला, मंत्र किंवा उतारा यांत दोन-तीन आठवडे सहज जातात. या आजारात तेच आठवडे मोलाचे असतात. कावीळ झाली की रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लगोलग करून घ्यावी. कुटुंबात स्वादुपिंड, स्तन किंवा बीजांड यांचे कर्करोग एकाहून अधिक जणांना झाले असतील, तर जनुकीय तपासणीविषयी विचारणा करावी.

शस्त्रक्रिया ठरली, तर ती जेथे नित्य होते अशा ठिकाणी व्हावी. स्वादुपिंडाच्या शिरोभागाची शस्त्रक्रिया पोटाच्या अत्यंत अवघड शस्त्रक्रियांपैकी एक असून अनुभवी चमूच्या हाती तिचा धोका पुष्कळ कमी होतो, हे जगभर दिसून आले आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. शैलेश श्रीखंडे यांच्यासारख्या शल्यविशारदांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे. परंतु प्रत्येक रुग्णाला मुंबई गाठणे शक्य नसते. जबलपूरहून सिवनीमार्गे नागपूर जवळ आहे, आणि टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामुळे देशभरातील रुग्णालये समान उपचारपद्धतीकडे वळत आहेत. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना ती खुली झाली आहे. ज्यांना या योजनांची माहिती आहे अशा माजी विद्यार्थ्यांनी ती इतरांपर्यंत पोहोचविली, तर मेळाव्याचे सार्थक होईल. आजार बरा होण्यापलीकडे गेला, तरी वेदनाशमनाचे उपचार असतात. ते मागणे म्हणजे हार पत्करणे नव्हे; तो रुग्णाचा हक्क आहे.

शेवटी एक आशेची गोष्ट. गाठीतील जनुकांतील फरक मोजून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले की, पहिल्या बिघाडापासून कर्कपेशी निर्माण होण्यास सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ लागतो आणि ती अन्यत्र पसरण्यास आणखी काही वर्षे. म्हणजे हा आजार वाटतो तितका आकस्मिक नाही. आपल्याला तो उशिरा दिसतो, एवढेच. मधली ही दीर्घ वर्षे पाहण्याचे साधन ज्या दिवशी सापडेल, त्या दिवशी औषधांना आडवाटांमागे धावावे लागणार नाही.

ते साधन शोधणारा कदाचित आज आठवीच्या वर्गात ‘पेशी’ हा धडा वाचत असेल. हुजूरपागेतील एक मुलगी मराठीतून शिकून मानवी पेशींच्या प्रयोगशाळेपर्यंत गेली, हे त्याला सांगणे शाळेचे काम आहे. आणि ज्यांच्या घरी हा आजार येऊन गेला, त्यांना सांगण्याचे काम आपणा सर्वांचे : औषध निष्प्रभ ठरले ते पेशींच्या आतील संदेशांमुळे. आपला माणूस त्यात कमी पडला नव्हता आणि आपणही पडलो नव्हतो.